नागपूर ते चिखलदरा: पाच दिवस, तीन सायकली आणि बत्तीस आऱ्यांचे चाक

निघण्यापूर्वीचे आठ आठवडे

चिखलदऱ्याला मोटारीने मी अनेकदा गेलो होतो. सायकलने जायचे ठरले ते गेल्या पावसाळ्यात, भाचीच्या आग्रहाने. ती २४ वर्षांची, वजन ५४ किलो; मी ४८ वर्षांचा, वजन ८२ किलो; आणि तिसरा माझा कार्यालयातील सहकारी, वयाने चाळिशीचा आणि वजनाने आम्हा दोघांच्या मधला. ही वजने सुरुवातीलाच सांगतो आहे, कारण आमची सगळी तयारी, विशेषतः चाकांची निवड, त्यांच्यावरच ठरली. दुकानात चाक पाहताना आपण किंमत विचारतो, ते किती ग्रॅमचे आहे हेही विचारतो; आपण स्वतः किती किलोचे आहोत आणि कोणत्या रस्त्याने जाणार आहोत हे मात्र क्वचितच सांगतो.

हे मला कळले ते आदल्या वर्षी, थोडी किंमत मोजून. २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे साडेतेरा तासांत पूर्ण करावयाची राइड, करीत असताना १३० व्या किलोमीटरला माझ्या मागच्या चाकाचा एक स्पोक, म्हणजे आरा, तुटला. सायकलसोबत आलेले ते चाक २० स्पोकचे होते. वीसमधला एक गेला की उरलेल्यांना रिम सरळ धरून ठेवणे कठीण होते. चाक इतके आऊट, म्हणजे वाकडे, झाले की ते मागच्या दांडीला घासू लागले आणि राइड तिथेच संपली.

ते चाक घेऊन मी इतवारीतल्या एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी तुटलेला तुकडा बोटांत धरून उजेडाकडे केला आणि तो हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, छिद्रातून जिथे वळतो नेमका त्या वाकणावर तुटल्याचे दाखवले. सायकलस्वाराचे ओझे चाकावर येते तेव्हा जमिनीकडचे स्पोक किंचित ढिले पडतात आणि वर फिरताच पुन्हा ताणले जातात. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक स्पोकच्या वाट्याला हे एकदा येते. ३२ मिलिमीटरच्या टायरचे चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ४६५ वेळा फिरते, म्हणजे नागपूर ते अमरावती या १५५ किलोमीटरमध्ये जवळजवळ ७२ हजार वेळा. स्पोक कमी असतील तर प्रत्येकाच्या वाट्याचे ओझे वाढते, आणि मुळातच ताण कमी असेल तर तो खाली येताच पार सैल पडतो. तार पुन्हा पुन्हा वाकवून तोडावी तसा तो एके दिवशी तुटतो. “साहेब, तार ताणानं नाही तुटत, ढिल्लेपणानं तुटते,” काका म्हणाले, “लोकं मात्र उलटं समजतात.”

ऑक्टोबरमध्ये त्यांनी मला ३२ स्पोकचे मागचे चाक बांधून दिले: ॲल्युमिनियमची रिम, आतून २१ मिलिमीटर रुंद, प्रत्येक स्पोक इतर तिघांना ओलांडून जाणारा. ते बांधताना मी शेजारी बसून होतो. आधी स्पोक कसण्याचे सर्व निपल हाताने सारखे फिरवून झाले, मग चावीने पाव-पाव फेरा, आणि मग काकांनी चावी बाजूला ठेवली. डोळे मिटून ते एकेक स्पोक अंगठ्याच्या नखाने छेडू लागले. उजवीकडचे स्पोक उंच स्वरात वाजत होते, डावीकडचे खाली. मागच्या चाकात गिअरच्या बाजूचे स्पोक जास्त उभे असतात, म्हणून त्यांना ताणही अधिक लागतो. काकांना मात्र एका बाजूचे सगळे स्पोक एका स्वरात हवे होते. एका ठिकाणी स्वर दबका आला, तसे डोळे न उघडताच त्यांनी चावी उचलली. शेवटी चाक आडवे धरून त्यांनी कडेवर दोन्ही तळहातांनी दाब दिला, बारीक टिकटिक आवाज झाले, पिळलेले स्पोक आपल्या जागी सुटे झाले, आणि पुन्हा आऊट काढण्याचे काम सुरू झाले.

हे चाक जुन्यापेक्षा सुमारे ३०० ग्रॅमने जड झाले. सहकाऱ्याला ते पटेना, म्हणून आम्ही कागदावर हिशेब मांडला. मी, सायकल, पिशवी आणि पाणी मिळून ९७ किलो. त्यात ३०० ग्रॅम म्हणजे हजारात तीन. घाट चढायला सव्वादोन तास लागले तरी या जडपणाने वाढणारा वेळ अर्ध्या मिनिटाहूनही कमी. त्या अर्ध्या मिनिटासाठी १५५ किलोमीटरवर तुटू शकणारे चाक घेऊन जाणे मला मान्य नव्हते.

भाचीने मात्र आपले २४ स्पोकचे, २८ मिलिमीटर टायरचे चाक बदलले नाही, आणि तिने ते बदलू नये असेच काकांचेही मत पडले. तिच्यासाठी ते चाक भक्कमच आहे. सहकाऱ्याकडे ४५ मिलिमीटर खोल रिमची कार्बनची चाके होती. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो. हवेचे गणितही वजनावरच अवलंबून असते. माझ्या ३२ मिलिमीटरच्या टायरमध्ये मी हवेचा दाब पुढे ५२ आणि मागे ६० पीएसआय ठेवतो. पूर्वी मी टायर दगडासारखा होईपर्यंत हवा भरत असे, आणि खडबडीत डांबरावर त्याचा वेग वाढत नाही, केवळ हात आणि पाठ हादरत राहते, हे मला फार उशिरा लक्षात आले. टायर रुंद घेण्याआधी चिमट्यात आणि मागे, दोन्ही बाजूंना किमान चार मिलिमीटर जागा उरते का, हे पाहून घ्यावे.

सरावाची आमची अडचण वेगळीच होती. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, चिखलदरा १,११८ मीटरवर, आणि आमच्या शहरात घाट म्हणावा असा चढच नाही. सेमिनरी हिल्सचा रस्ता पहाटे पाच-सहा वेळा चढायचा आणि रविवारी रामटेकला जाऊन गडमंदिराचा डांबरी रस्ता दोनदा करायचा, एवढ्यावर आम्ही भागवले. आठवड्यात तीन सकाळी ३० किलोमीटर, रविवारी ६०, मग ८०, मग १००, मग १२०. शेवटच्या तीन आठवड्यांत शनिवार आणि रविवार लागोपाठ लांब राइड केल्या, कारण पाच दिवसांच्या प्रवासात प्रश्न पहिल्या दिवसाच्या पायांचा नसतो, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सीटवर पुन्हा बसता येते का, हा असतो. निघण्याच्या आदल्या आठवड्यात मात्र आम्ही मुद्दाम हलके राहिलो. याच शहरातल्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली, ही गोष्ट नागपूरच्या सायकलस्वारांना फार धीर देणारी आहे. सपाट गावात राहणे हे तयारी न करण्याचे कारण होऊ शकत नाही.

एक नियम आम्ही कसोशीने पाळला: निघण्याच्या दिवशी अंगावर किंवा सायकलवर नवीन काहीही असता कामा नये. पॅड लावलेली चड्डी, हातमोजे, सीट, सगळे किमान ३०० किलोमीटर वापरलेले. पॅडच्या चड्डीखाली दुसरे अंतर्वस्त्र घालू नये, कारण शिवणच कातडी सोलते. सहकाऱ्याच्या उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका लांब राइडमध्ये बधिर होत असे. तळहाताच्या टाचेपाशी एक नस दबते, त्याचा हा परिणाम. हँडल एक सेंटिमीटर उंच केल्यावर आणि जाड पट्टी गुंडाळल्यावर तो त्रास जवळजवळ थांबला.

पहिला दिवस: नागपूर ते अमरावती, १५५ किलोमीटर

पहाटे पाचला रविनगर चौकातून निघालो. डिसेंबरचा मध्य होता आणि वाडी ओलांडताच थंडीने बोटे आखडली. बाजारगावच्या आसपास दाट धुके लागले. अशा वेळी मागचा लाल दिवा एक असून चालत नाही. आम्ही प्रत्येकी दोन लावले होते, एक सीटखाली आणि एक हेल्मेटवर, आणि अंगात चमकणारी जाकिटे होती. धुक्यात मागून येणारा ट्रक दिसत नाही, केवळ ऐकू येतो, आणि तो आवाज जवळ येत असताना पांढऱ्या पट्टीच्या डावीकडे स्थिर राहणे हीच एक गोष्ट आपल्या हाती उरते.

सूर्य वर आला तेव्हा आम्ही कोंढाळीत होतो. पन्नास किलोमीटर झाले होते. एका टपरीवर तर्री-पोहे घेतले, वर चण्याचा लाल रस्सा, बारीक चिरलेला कांदा आणि लिंबू. लांब राइडमध्ये तिखट खाऊ नये असे म्हणतात आणि ते खरेही असेल, पण आमची पोटे तर्रीवरच वाढलेली आहेत. त्यानंतर मात्र शिस्त सुरू केली: दर तासाला थोडे खायचे, भूक लागो न लागो. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम कर्बोदके असतात आणि तासाला ३० ते ६० ग्रॅम लागतात, म्हणजे एक केळे आणि एक राजगिऱ्याचा लाडू एवढे पुरते. हिवाळ्यात तहान लागत नाही, त्यामुळे पाण्याची बाटली विसरली जाते. मी घड्याळात दर पंधरा मिनिटांची आठवण लावली होती, आणि एका बाटलीत साधे पाणी, दुसरीत लिंबू, मीठ आणि साखर होती.

कारंजा ओलांडल्यावर सत्याग्रही घाटाचा उतार लागतो. तळेगावच्या दिशेने जाताना तो लाभतो, आणि परतीच्या दिवशी हाच चढ होऊन समोर येणार हे माहीत असूनही मन हलके होते. उताराखालच्या मोकळ्या माळावर सहकाऱ्याच्या खोल रिमचा पहिला प्रश्न दिसला. बाजूने वारा होता आणि एक रिकामा कंटेनर वेगाने पुढे गेला, तसे त्याचे पुढचे चाक आधी बाहेर आणि मग आत ओढले गेले. तो पडला नाही, पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता. खोल रिम ही वाऱ्यापुढे उभ्या केलेल्या फळीसारखी असते. मागे ती फारशी जाणवत नाही, पुढे मात्र थेट हँडल ओढते. महामार्गावर जाणाऱ्याने, विशेषतः अंगाने हलके असणाऱ्याने, निदान पुढचे चाक उथळ रिमचे ठेवावे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

वर्धा नदी ओलांडून अमरावती जिल्ह्यात शिरलो. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, मधे तुरीच्या ओळी. तिवशाच्या अलीकडे एका लिंबाच्या झाडाखाली थांबलो असताना एक आजोबा काळी, उंच सायकल घेऊन येऊन उभे राहिले. मागच्या कॅरिअरवर सरकीचे पोते होते. त्यांनी आधी माझ्या टायरवर अंगठा दाबून पाहिला, मग खाली वाकून स्पोक मोजू लागले.

“किती आहेत जी?”

“बत्तीस, आजोबा.”

“अन् समोर?”

“समोर अठ्ठावीस.”

त्यांनी आपल्या सायकलकडे बोट केले. “माह्या समोर बत्तीस, मांगं चाळीस. वझं मांगच्या चाकावर असते ना, बाप्पा.”

मी मोजले. ३२ आणि ४० बरोबर होते. जुन्या काळ्या सायकलींत हा हिशेब ठरलेलाच असे, पण मी लहानपणी त्याच सायकलवर शिकूनही तो कधी पाहिला नव्हता. भाचीने त्यांना राजगिऱ्याचा लाडू दिला. त्यांनी तो खिशात ठेवला आणि घरी नात आहे असे सांगितले, तेव्हा तिने आणखी एक दिला.

मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या समाधीपाशी अर्धा तास बसलो. बाहेर महामार्गाचा आवाज, आत शांतता. पायांतील कळ तिथे बसल्यावर जाणवू लागली.

नांदगाव पेठ जवळ आले असताना माझे मागचे चाक बसले. ट्रकचे टायर फुटून त्यांच्या पोलादी तारांचे केसासारखे तुकडे रस्त्याच्या कडेला पडलेले असतात, आणि सराट्याच्या काट्यापेक्षाही ते वाईट, कारण ते दिसत नाहीत. ट्यूब बदलणे सोपे असते. तार टायरमध्ये तशीच राहिली तर नवीन ट्यूबही पाच मिनिटांत जाते. बोट फिरवून काही सापडेना. तेव्हा भाचीने रस्त्याकडेच्या बाभळीला अडकलेला कापसाचा पुंजका काढून आणला. कापूस भरून जाणाऱ्या ट्रॅक्टरांमुळे या दिवसांत सगळ्या झुडपांना असे पुंजके लागलेले असतात. तो टायरच्या आतून तिने हलकेच फिरवला, आणि एका ठिकाणी दोन-चार तंतू अडकून राहिले. तिथे, रबराच्या बाहेर जेमतेम एक मिलिमीटर आलेले तारेचे टोक होते. काटा काढायच्या चिमट्याने ते ओढले. हा चिमटा पंक्चरच्या पाकिटात प्रत्येकाने ठेवावा.

ट्यूबविषयी आणखी एक गोष्ट. आपल्या रिमचे छिद्र बारीक व्हॉल्व्हचे असते आणि गावच्या दुकानातील ट्यूबचा व्हॉल्व्ह जाड असतो. तो त्या छिद्रातून जातच नाही. त्यामुळे प्रत्येकी किमान दोन ट्यूब सोबत हव्यात. पेट्रोल पंपावर हवा भरता यावी म्हणून व्हॉल्व्हवर बसणारा छोटा पितळी अडॅप्टरही ठेवावा. त्याला जागा लागत नाही आणि त्यावाचून पंपावरचा माणूस इच्छा असूनही काही करू शकत नाही.

अमरावतीला पोचलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. राजकमल चौकाजवळ गिला वडा खाल्ला. दह्यात मुरलेला, वर आंबटगोड चटणी. दिवसभर गोड लाडू चघळल्यानंतर जिभेला त्याच्या आंबटपणाने जाग आली. आम्ही प्रत्येकी दोन प्लेट घेतल्या आणि दुकानदाराने तिसरी न मागताच आणून ठेवली.

दुसरा दिवस: अमरावती ते चिखलदरा

अमरावती ते परतवाडा ५० किलोमीटर, आणि तिथून धामणगाव गढीमार्गे चिखलदरा सुमारे ३०. अंतर कालच्या निम्मे, पण शेवटच्या टप्प्यात सातशे मीटरहून अधिक उंची चढायची होती.

वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर आम्ही उतरलो. २० डिसेंबर १९५६ रोजी संत गाडगेबाबांनी याच ठिकाणी प्रवासात देह ठेवला. आयुष्यभर गावोगाव चाललेल्या माणसाचा शेवटही वाटेवरच झाला, हे त्या पुलावर उभे राहिल्यावर जसे जाणवते तसे वाचून जाणवले नव्हते. आम्ही केळ्यांच्या साली पिशवीत भरल्या आणि पुढे निघालो.

अचलपूरच्या अलीकडे संत्र्याच्या बागा सुरू झाल्या. आंबिया बहाराची तोडणी संपत आली होती, झाडांखाली क्रेट रचलेले होते. पाणी मागायला थांबलो तर बागवानाने पाण्याबरोबर सात-आठ संत्री पुढे केली आणि पैसे घेतले नाहीत. “घाट चढाचा आहे ना? मंग खाऊन घ्या, वर न्यायचं वझं कायले?” हा सल्ला आम्ही तिथेच अमलात आणला.

धामणगाव गढी मागे पडले आणि चढ लागला. आता गिअरविषयी बोलले पाहिजे, कारण या दिवसाचे सगळे सुखदुःख त्यात होते. माझ्या सायकलला पुढे ३४ दात्यांची लहान चकती आणि मागे सर्वांत मोठी ३४ ची, म्हणजे पॅडलचा एक फेरा तेव्हा चाकाचा एक फेरा. मिनिटाला ६० फेरे मारले तरी ताशी सुमारे पावणेआठ किलोमीटर वेगाने चढता येते. सहकाऱ्याच्या मागे सर्वांत मोठी चकती २८ ची होती. त्याच ६० फेऱ्यांना त्याची सायकल सव्वानऊ किलोमीटरचा वेग मागत होती, आणि तेवढी ताकद नसली की फेरे ४५ वर येतात आणि सगळा भार गुडघ्यावर पडतो. नागपूरच्या सपाटीवर त्याला ही उणीव कधी भासलीच नव्हती. सहाव्या किलोमीटरला त्याचा डावा गुडघा दुखू लागला. तो उतरला, थोडे चालला, पुन्हा बसला, आणि असे त्याने चार वेळा केले. चाकांवर त्याने जेवढा खर्च केला त्याच्या अगदी थोड्या भागात मागच्या चकत्यांचा संच आणि लांब चेन बदलून झाली असती. घाटाला जाणाऱ्याने चाकाच्या आधी गिअर पाहावा, असे मी कोणालाही सांगेन.

सागाची पाने वाळून रस्त्यावर आली होती, आणि टायरखाली ती पापडासारखी मोडत. एका वळणावर वानरांचा कळप कठड्यावर बसला होता. हँडलवरच्या पिशवीत केळी असतील तर ती आत टाकून चेन लावावी. भाची कधीच पुढे गेली होती. दर दोन किलोमीटरवर ती एखाद्या दगडावर बसलेली दिसे आणि मी जवळ आलो की म्हणे, “मामा, तुम्ही थांबू नका, लय तुटेल.” मग ती मागे जाऊन सहकाऱ्याला सोबत करी. त्या दिवशी तिने हा घाट दीडपट चढला असेल.

मोथ्याला पोचलो आणि चढ सरला. गवळी लोकांचे हे गाव दूध-खव्यासाठी प्रसिद्ध आहे. चुलीजवळ बसून आम्ही रबडी खाल्ली; कढईच्या कडेची, किंचित खरपूस. ज्या बाईंनी ती वाढली त्यांनी सहकाऱ्याला लंगडताना पाहिले होते. काही न विचारता त्यांनी वाटीत मोहरीचे तेल गरम करून आणले आणि चुलीजवळची जागा त्याला रिकामी करून दिली. तासाभराने तो उठला तेव्हा नीट चालत होता. राहिलेले अंतर आम्ही तिघांनी सोबत केले.

तिसरा दिवस: चिखलदरा

हा दिवस विश्रांतीसाठी राखून ठेवला होता, आणि ते शहाणपणाचे ठरले. सकाळी गवत दवाने पांढरे झाले होते. देवी पॉइंटवर उन्हात बसलो आणि इथल्याच मळ्यातली कॉफी प्यालो. महाराष्ट्रात कॉफी पिकते हे सहकाऱ्याला तोवर खरे वाटत नव्हते. दुपारी गाविलगडावर गेलो. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला जिंकला. तटावरून खालचा दऱ्यांचा प्रदेश पाहताना, एवढ्या उंचीवर तोफा कशा ओढून आणल्या असतील, हाच विचार आम्ही आलेल्या वाटेकडे पाहून मनात येत राहिला.

संध्याकाळी सायकली खोलीच्या ओसरीत उलट्या करून तपासल्या. लांब प्रवासाच्या मध्यावर हे पाऊण तासाचे काम टाळू नये. टायरवर ओला फडका फिरवून त्यात रुतलेले खडे आणि काचा काढल्या, ब्रेकचे पॅड पाहिले, चेन पुसून तेल दिले. मग काकांसारखे एकेक स्पोक छेडत गेलो. डावीकडचा एक दबका वाजला. पाव फेरा दिला, तेव्हा तो शेजाऱ्यांच्या स्वरात आला. भाची जवळ बसून ऐकत होती. मग तिने आपले चाक माझ्याकडे सरकवले आणि ती स्वतः छेडू लागली; तिच्या चाकातही गिअरच्या बाजूचा एक उतरलेला निघाला, आणि तो तिने माझ्या आधी ओळखला.

जादा स्पोक मी नेहमी सोबत नेतो, उजव्या आणि डाव्या मापाचे दोन-दोन, मागच्या दांडीला चिकटपट्टीने बांधून. दोन्ही बाजूंची लांबी वेगळी असते, आणि आपल्या चाकाची मापे लिहून ठेवल्याशिवाय कोणत्याही शहरात ते चटकन मिळत नाहीत.

चौथा दिवस: उतार

चढताना घाम येतो, उतरताना थंडी मारते. निघण्यापूर्वी आदल्या दिवशीची वर्तमानपत्रे घेऊन जर्सीच्या आत छातीवर घातली. ही युक्ती फार जुनी आहे आणि कोणत्याही महागड्या जाकिटाइतकी उपयोगी पडते. पायथ्याला पोचल्यावर कागद काढून पिशवीत ठेवला.

उतारावर ब्रेक सतत धरून ठेवणे हीच सर्वांत मोठी चूक. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात पण थोडाच वेळ दाबावे, वेग कमी झाला की सोडावे, आणि वळणात शक्यतो दाबू नये. माझ्या आणि सहकाऱ्याच्या सायकलींना डिस्क ब्रेक आहेत. भाचीचे ब्रेक रिमवर घासणारे. अर्ध्या उतारावर आम्ही थांबलो तेव्हा तिने हातमोजा काढून रिमला बोट लावले आणि झटकन मागे घेतले. रिम एवढी तापली की आतली ट्यूब फुटण्याचा धोका असतो, आणि ती हलकी आहे म्हणून धोका माझ्याइतका नसला तरी असतोच. दहा मिनिटे थांबून पुन्हा निघालो, आणि नंतर दर दोन किलोमीटरला थांबत राहिलो. कोणालाच घाई नव्हती.

परतवाड्यात झुणका, ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाल्ला. दुपारपर्यंत अमरावती.

पाचवा दिवस: अमरावती ते नागपूर

हिवाळ्यात विदर्भात वारा बहुधा उत्तर-पूर्वेकडून येतो, म्हणजे नागपूरकडे परतणाऱ्याच्या तोंडावर. पहिल्या तासातच कळले की आज वेग २० च्या वर जाणार नाही. आम्ही एकामागे एक झालो आणि दर दहा मिनिटांनी पुढचा मागे येत राहिला. इथे सहकाऱ्याच्या चाकांनी आपले मोल दाखवले. समोरून येणाऱ्या वाऱ्यात खोल रिम खरोखरच सहज कापत जाते, आणि तो पुढे असताना आमचा वेग दीड-दोन किलोमीटरने वाढत असे. त्या दिवशी त्याने सर्वांत जास्त वेळ वारा झेलला. गुडघ्यामुळे त्याला दोन दिवस ओशाळल्यासारखे वाटत होते, ते दुपारपर्यंत गेले. चाके त्याची वाईट नव्हती. ती कालपरवाच्या रस्त्यासाठी नव्हती, आजच्यासाठी होती.

सत्याग्रही घाट या वेळी चढ म्हणून आला आणि चिखलदऱ्यानंतर तो छोटा वाटला. कोंढाळीच्या त्याच टपरीवर पुन्हा थांबलो. टपरीवाल्याने ओळखले. “जाऊन आले जी? तिघंही?” त्याने मोजून पाहिले आणि चहात आले जास्त घातले. वाडीच्या आधी अंधार पडला, दिवे लावले. शेवटचे दहा किलोमीटर शहराच्या गर्दीचे, आणि थकलेल्या माणसासाठी हेच सर्वांत धोक्याचे असतात. आम्ही बोलणे बंद करून एका ओळीत आलो.

चार दिवसांनी भाचीसह मी इतवारीत गेलो. काकांनी माझे चाक स्टँडवर लावले, फिरवले, कडेशी नख धरले. अर्धा मिलिमीटर आऊट होता. त्यांनी दोन स्पोक छेडले, एकाला चावी लावली, आणि मी चिखलदऱ्यात ज्याला पाव फेरा दिला होता त्यावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिले. “हा तुम्ही कसला?” मी हो म्हटले. “बरोबर कसला.”

मग भाची पुढे झाली. पुढच्या हिवाळ्यात तिला सामान लादून एकटीने लांब जायचे आहे, त्यासाठी मागचे चाक बांधून हवे होते. बत्तीसचेच बांधून द्या, असे तिने सांगितले. काकांनी चष्मा वर केला.

“वजन किती तुझं, बेटा?”

“चोपन्न.”

“सामान?”

“दहा-बारा किलो.”

“रस्ता?”

“डांबरीच. मेळघाटातले थोडे खराब.”

काका क्षणभर बोटांवर मोजत राहिले आणि मागच्या फळीवरून एक हब काढून त्यांनी तिच्या हातात ठेवला. “अठ्ठावीस पुरतात तुले.”